बोरतळच्या तळ्यात पाणी किती?

मु. बोरतळ, ता. जळकोट, जि. लातूर
वैशाखातला शेवटचा बुधवार

तीर्थस्वरूप भुजंगराव दाजींचे सेवेशी, वैजनाथचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडे नांदेडला तुम्हीही खुशाल असाल, आणि नसलात तरी माझी बहीण घरात असेपर्यंत तुम्हाला खुशाल राहावंच लागेल, याची मला खात्री आहे. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, समाधान वाटलं. डॉक्टरांनी महिनाभर मोबाईलकडे बघू नका असं सांगितलंय म्हणे, म्हणून हे पत्र. (पत्राकडे बघू नका असं त्यांनी सांगितलेलं नाही. अजून कोणी पत्र लिहितं हे त्यांना माहीत नसावं.) अक्का हे वाचून दाखवत असेल तर तिला एवढंच सांगणं आहे की कंसातला मजकूर फक्त दाजींसाठी आहे, तो तिने मनातल्या मनात वाचून सोडून द्यावा.

फोन न करण्याचं दुसरंही कारण आहे. रागावू नका. तुम्ही सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली, त्यामुळे कोणी काही आकडा बोललं की तुम्ही लगेच "एकक?" असं विचारता. मागे दिवाळीत मी सहज म्हणालो, शिवमच्या आईचं डोकं दोन दिवसांपासून दुखतंय, तर तुम्ही विचारलंत, "किती?" मी म्हणालो, लई. तर म्हणालात, "लई हे एकक न्हाई." आता जी हकीकत सांगायची आहे ती एककांचीच आहे, आणि फोनवर सांगायला बसलो असतो तर पहिल्या वाक्याच्या पुढे गेलो नसतो. पत्रात माणसाला मधेच अडवता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

तर आपल्या शिवमचं तुम्हाला माहीतच आहे. पोरगा गुणी, शेतीची पदविका घेतलेली, सोयाबीन-तुरीचं रान स्वतः बघतो, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. पण गेली चार वर्षं आम्ही ज्या ज्या घरी गेलो तिथे मुलीच्या बापाने पहिला प्रश्न हाच विचारला, की मुलगा पुण्याला काय करतो? शिवम पुण्याला काहीच करत नाही, कारण तो बोरतळला असतो, असं मी समजावून सांगायचो. मग चहा यायचा, आणि चहानंतर काहीच यायचं नाही. (शिवमने याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त अलीकडे संध्याकाळचा तो घरात बसेनासा झाला होता, तळ्याच्या बांधावर जाऊन बसायचा.) अशात निलंग्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी उज्वला, बी.एस्सी. झालेली, तिथल्याच एका शाळेत शिकवते. तिने स्वतःच निरोप पाठवला की शेतकरी नवरा चालेल, घर जुनं असलं तरी चालेल, फक्त गावाला पाणी पाहिजे. तिच्या गावात उन्हाळाभर टँकर येतो आणि लहानपणापासून तिचे निम्मे उन्हाळे रांगेत गेलेत. मागणं वाजवी होतं. आमच्याकडे तळं आहे. रविवारी दुपारी मुलीकडचे घर बघायला येणार असं ठरलं.

आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या सरपंच गुरम्माबाई मोबाईल हातात घेऊन दारात आल्या. तालुक्यावरून निरोप आला होता की गावच्या तळ्यात किती पाणी उरलंय ते ग्रामस्थांना सांगा. खाली लिहिलं होतं, शून्य पॉइंट शून्य बेचाळीस दलघमी.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "हे दलघमी का काय हाय ते लोकांला कळंल असं करून सांगा. मला तं हे जनावराच्या औषधाचं नाव वाटून राहिलं."

देवळाच्या भोंग्यावरून गावाला काही कळवायचं असेल तर ते काम माझ्याकडे असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षं मराठी शिकवल्याने माझे उच्चार स्वच्छ आहेत, असं लोक म्हणतात. (गणित शिकवणारे शिक्षकही गावात आहेत, पण त्यांचा "ण" नीट येत नाही.) मी चष्मा लावला आणि शांतपणे विचार केला. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. दशलक्ष म्हणजे दहा लाख. दहा लाखाला शून्य पॉइंट शून्य बेचाळीसने गुणलं, दोनदा गुणलं, दोन्ही वेळा उत्तर बेचाळीस हजारच आलं. बेचाळीस हजार घनमीटर. इथपर्यंत, दाजी, तुमच्या खात्यातल्या माणसालाही बोट ठेवायला जागा नाही.

आता प्रश्न राहिला घनमीटरचा. भोंग्यावरून "घनमीटर" म्हटलं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय कळणार? लोकांना लिटर कळतो. मी विचार केला की घनमीटरही पाणी मोजायला, लिटरही पाणी मोजायला. एक सरकारी नाव असेल, एक घरगुती. अंबाजोगाईला आपले आजोबा मोमिनाबाद म्हणायचे, म्हणून काही गावं दोन होत नाहीत. तेव्हा मी जाहीर केलं की तळ्यात बेचाळीस हजार लिटर पाणी शिल्लक आहे, तरी सर्वांनी जपून वापरावं. आणि गावची लोकसंख्या दोन हजार धरून लोकांच्या सोयीसाठी भागाकारही करून दिला, की माणशी दोन कळश्या पडतील. हा भागाकार मी केला नसता तर बरं झालं असतं, असं आता आमच्या घरातलं मत आहे.

भोंगा बंद करून मी देवळाच्या पायऱ्या उतरलो, तेव्हा गावात एकही बाई घरात नव्हती. सगळ्या तळ्याच्या रस्त्याला लागल्या होत्या. हंडे, घागरी, बादल्या, लग्नाकार्याची तपेली, कूलरच्या टाक्या, जे ज्याच्या हाताला लागलं ते तो भरून आणत होता. आमच्या शेजाऱ्याने फवारणीच्या पंपातही पाणी भरलं. (तो पंप त्याने आधी धुतला होता का, हे विचारायची कोणाला हिंमत झाली नाही.) न्हाव्याने दाढी कोरडी करायची असं ठरवलं आणि त्या दिवशी फक्त एकच गिऱ्हाईक आलं. म्हशींना तळ्यावर येऊ देऊ नये म्हणून पोलीसपाटील काठी घेऊन उभे राहिले, तर म्हशी पलीकडच्या काठाने उतरून निवांत डुंबत बसल्या. आमच्या मंडळींनी, म्हणजे तुळजाबाईंनी, घरातली सगळी भांडी भरली, कुकर भरले, पिठाचे डबे रिकामे करून भरले, आणि शेवटी कपाटातला माझा आदर्श शिक्षक पुरस्काराचा चषक काढून तोही भरून ठेवला. या चषकाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला, असं त्या म्हणाल्या.

जळकोटच्या बसस्टँडजवळ प्लास्टिकच्या टाक्या विकणारे निजामोद्दीनभाई तुम्हाला आठवतात का? अक्काच्या लग्नात त्यांच्या वडलांनी पाण्याची पिंपं पुरवली होती. रविवारी सकाळी त्यांचा टेम्पो गावात आला आणि चावडीसमोर उभा राहायच्या आत रिकामा झाला. लोकांनी टाक्या टेम्पोवरून अक्षरशः ओढून नेल्या. निजामोद्दीनभाई घाम पुसत माझ्याकडे आले, म्हणाले, "गुरुजी, पुढच्या खेपेला काय पुकारणार ते आधीच सांगून ठेवा. मी माल भरून ठेवतो."

अशा या वातावरणात दुपारी मुलीकडचे आले. जीपमधून आधी मुलीचे वडील उतरले, श्रीमंतराव. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी कमलम्मा, माहेर कर्नाटकातलं, मराठी चांगलं बोलतात पण रागावल्या किंवा घाबरल्या की कानडीवर जातात. आणि मग उज्वला. वेशीपासून आमच्या घरापर्यंत त्यांना डोक्यावर पाणी घेतलेल्या बायकांच्या मधून यावं लागलं. एका म्हातारीने तर, सुनेच्या वाटच्या दोन कळश्यांत ही नवी पोरगी कुठून आली, असंही जीपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं.

घरात बसवलं, पण अडचण अशी झाली की पाहुण्यांना पाणी द्यायला रिकामं भांडं नव्हतं. घरात पाणीच पाणी, आणि पोहे करायला कढई नाही, कारण कढईत पाणी. सांडावं म्हटलं तर तुळजाबाई सांडू देईनात. शेवटी पोहे भाकरीच्या तव्यावर केले आणि पाहुण्यांना वर्तमानपत्रावर दिले. श्रीमंतरावांनी घर बघितलं, शेत बघून आले, शिवमशी दोन शब्द बोलले. मग बैठकीत येऊन त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी काढणारा सोयरा काय बोलणार हे मला अनुभवाने कळतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "समदं पसंत हाय. पोरगं तं लईच पसंत हाय. पर येताना जे बघितलं ते बघितलं. माझ्या पोरीनं एकच गोष्ट मागितली व्हती."

कमलम्मा नुसत्या "नीरु, नीरु" असं पुटपुटत होत्या, म्हणजे पाणी, पाणी. उज्वला खाली बघत होती. आणि शिवम भिंतीला टेकून उभा होता, दाजी, चार वर्षं प्रत्येक बैठकीत उभा राहायचा तसाच. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. छताकडे बघत राहिलो.

तेवढ्यात तोच बोलला. पाहुण्यांसमोर तो कधी बोलत नाही. म्हणाला, "आण्णा, मी आत्ता तळ्यावरून आलो. कालपासून सगळं गाव उपसून राहिलंय, पण पाणी बोटभरही खाली गेलं न्हाई. दगडावर मी खूण करून ठेवली व्हती. बेचाळीस हजार लिटर असतं तं सकाळीच खरडलं असतं की."

मला ते पटलं. माझं चुकलं असं नाही, पण आकडा घरगुती मापात सांगितल्यामुळे लहान दिसला, हे लक्षात आलं. पाणी मोठं असेल तर मापही मोठं पाहिजे. श्रीमंतरावांना म्हणालो, तुम्ही बसा, मी आत्ता खुलासा करून येतो. देवळाकडे जाताना वाटेतच हिशेब केला. हजार मीटरचा एक किलोमीटर होतो, हे तर पहिली-दुसरीतलं ज्ञान. म्हणजे हजार घनमीटरचा एक घनकिलोमीटर. बेचाळीस हजार भागिले हजार, बेचाळीस. सुटसुटीत, बाकी शून्य. भोंग्यावर गेलो आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं की काल सांगितलेल्या आकड्याबाबत गैरसमज नसावा, आपल्या तळ्यात बेचाळीस घनकिलोमीटर पाणी आहे, तरी कोणीही घाबरू नये.

घाबरू नये हे शब्द भोंग्यावरून कधी उच्चारू नयेत, हे मी या प्रसंगातून शिकलो.

गावातल्या कोणीतरी लगेच मोबाईलवर शोधलं. जायकवाडीत, म्हणजे पैठणच्या एवढ्या मोठ्या धरणात, ते काठोकाठ भरलं तरी तीन घनकिलोमीटरसुद्धा पाणी मावत नाही. म्हणजे बोरतळच्या तळ्यात चौदा जायकवाड्या. आणि तळ्याचा बांध मातीचा, त्यावर बाभळी उगवलेल्या, उंदरांनी बिळं केलेली. हे गणित एका घरातून दुसऱ्या घरात जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गाव उठलं. काल पाणी घरात आणणारे आज घरातून माणसं बाहेर काढत होते. लोकांनी सकाळीच घेऊन भरलेल्या टाक्या रस्त्यावर उलट्या केल्या, कारण रिकामी टाकी पाण्यावर तरंगते. (निजामोद्दीनभाईंचा टेम्पो गावातच होता. ते एवढंच म्हणाले की त्यांच्या धंद्यात एकाच मालाची अशी दोन प्रकारची मागणी त्यांनी पहिल्यांदा पाहिली.) गुरम्माबाईंनी चौकात उभं राहून ओरडून सांगितलं, "समदे म्हसोबाच्या माळावर चला! आधी वर, मंग इचारायचं ते इचारा!"

मी धावत घरी आलो. मुलीकडच्यांना कसं सांगावं या काळजीत होतो, पण श्रीमंतराव तोपर्यंत माळाच्या अर्ध्या चढावर पोहोचले होते. त्यांच्या डोक्यावर आमचा टीव्ही होता. सोयरीक ठरलेली नसताना दुसऱ्याचा टीव्ही डोक्यावर घेऊन चढ चढणारा माणूस किती सज्जन असला पाहिजे, याचा तुम्हीच विचार करा. कमलम्मा एका हाताने तुळजाबाईंना धरून आणि दुसऱ्या हाताने पातळ सावरून चालत होत्या आणि कानडीत काहीतरी बोलत होत्या. ते मला कळलं नाही, आणि ते बरं झालं असं तुळजाबाई म्हणतात. तुळजाबाईंना कानडी येत नाही, पण सूर कळतो.

माळावर सगळं गाव जमलं. ऊन रणरणत होतं. म्हातारी माणसं बाभळीखाली बसवली, पोरं मोजून घेतली. आणि मग श्रीमंतरावांनी टीव्ही खाली ठेवला, इकडे तिकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम फुटला. "उज्वला कुठाय?"

उज्वला नव्हती. शिवमही नव्हता.

दाजी, आता गंमत करत नाही. खालच्या आळीतल्या कोणीतरी सांगितलं की शिवम गोठ्यातली जनावरं सोडायला मागे फिरला होता, आणि त्याच्या मागून ती नवी पोरगीही गेली. श्रीमंतराव उताराकडे धावले, मी त्यांच्या मागे धावलो, आणि गुरम्माबाईंनी आम्हा दोघांना सदऱ्याच्या गळ्याला धरून थांबवलं. म्हणाल्या, "दोघं गेले ते गेले, आता आणखी दोन सोडायची न्हाई मी." आम्ही उभे राहून खाली बघत राहिलो. खाली तळं दिसत होतं. ते नेहमी असतं तसंच होतं. तीन बाजूंनी तडकलेला गाळ आणि मधे पाणी. त्या पाण्यात पोलीसपाटलांच्या काठीला न जुमानणाऱ्या म्हशी पोटापर्यंत भिजून उभ्या होत्या.

गुरम्माबाई बराच वेळ त्या म्हशींकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गुरुजी, चौदा जायकवाड्यांत म्हैस बुडत न्हाई का?"

आणि मग पायवाटेवर धूळ दिसली. पुढे आमच्या दोन गाई, मागे शेजाऱ्यांची वासरं, बरोबर कोणाच्या तरी चार शेळ्या, आणि त्यांच्या मागे शिवम आणि उज्वला. दोघेही गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेले. जनावरं सोडल्यावर ही दोघं पळण्याऐवजी सरळ तळ्यावर गेली होती, पाणी वाढलंय का ते बघायला. खुणेच्या दगडाशी उभं राहून तिथेच त्यांनी हिशेब केला, आणि येताना सगळी वाट त्याच हिशेबावर बोलत आली. शिवम जोरात बोलत होता, हात हलवून बोलत होता.

"आण्णा," तो लांबूनच ओरडला, "किलोमीटर लांबीत हजार मीटर. पण रुंदीतबी हजार!"

"आणि खोलीतसुद्धा हजार," उज्वला म्हणाली. "हजार वेळा हजार, आणि त्याच्याही हजार वेळा, काका. तुम्ही एकदाच भागलंत."

"म्हंजी अब्ज," शिवम म्हणाला.

"अब्ज घनमीटर," तिने दुरुस्त केलं. "नुसतं अब्ज म्हणायचं नाही. पुढे एकक लावायचं."

(दाजी, इथे मला तुमची आठवण झाली.)

मग तिने सगळ्या गावासमोर नीट समजावून सांगितलं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा केला की त्यात हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे बेचाळीस हजार घनमीटर म्हणजे चार कोटी वीस लाख लिटर. ना माणशी दोन कळश्या, ना चौदा जायकवाड्या. जपून वापरलं तर बोरतळला पुढचा उन्हाळा येईपर्यंत पिण्याला पुरेल, आणि त्याआधी पाऊस येईलच. ती बोलत असताना शिवम तिच्या बाजूला उभा राहून प्रत्येक आकड्याला मान हलवत होता, आणि एका ठिकाणी शून्यं मोजताना दोघांची एकदमच चुकली. एकमेकांकडे बघून ती दोघं हसली. मी त्याला इतक्या मोठ्याने हसताना कधी ऐकलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. कमलम्मांनी श्रीमंतरावांकडे बघितलं आणि कानडीत फक्त एक शब्द बोलल्या. तोही मला कळला नाही, पण श्रीमंतरावांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवली.

माळावरच सुपारी फुटली. घरी यायचं राहिलंच. अख्खं गाव तिथे होतं, त्यामुळे आमंत्रणंही तिथेच झाली. श्रीमंतरावांनी एकच अट घातली. म्हणाले, "गुरुजी, लग्न तुमच्या दारात करू. देणं न्हाई, घेणं न्हाई. फकस्त मंगलाष्टकं दुसऱ्याला म्हनू द्या. भोंगा तुमच्या हातात नको." माझ्या घशाला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी एवढा विचार केला, याने मी भारावून गेलो. लग्न ज्येष्ठात आहे. तारीख अक्काला फोनवर कळवतो, तेवढं ऐकायला डोळा लागत नाही.

या सगळ्यात माझी मान खाली गेली असं कोणी तुम्हाला सांगितलं तर ते खरं धरू नका. उलट गावात आता पाण्याबद्दल जेवढी जागृती झाली आहे तेवढी तुमच्या खात्याने लावलेल्या पाट्यांनी कधी झाली नव्हती. लहान पोरंही विटीदांडू खेळताना "घन" आणि "चौरस" म्हणू लागली आहेत. गुरम्माबाईंनी पाण्याच्या आकड्यांचं काम आता उज्वला आल्यावर तिच्याकडे द्यायचं ठरवलं आहे. तोपर्यंत तालुक्यावरून निरोप आलाच तर तो कोणाला न सांगता तसाच ठेवायचा, असा ग्रामसभेत ठराव झाला. ठरावाला सूचक मीच होतो. (अनुमोदक सगळे होते.)

डोळ्याची काळजी घ्या. थेंब वेळेवर घाला, आणि अक्का विचारेल तेव्हा किती थेंब घातले ते एककासह सांगा. मुलाबाळांना आशीर्वाद, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नमस्कार.

तुमचा लहान मेव्हणा,
वैजनाथ

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलंच. लग्नाच्या जेवणासाठी आचाऱ्याने एकशेवीस लिटर ताक सांगितलं आहे. ताक गावाबाहेरच्या एका डेअरीतून घ्यायचं ठरलं, पण त्यांच्याकडे मोठी मागणी किलोलिटरमध्ये नोंदवावी लागते. तर लिटरचं किलोलिटर करताना हजाराने गुणायचं की भागायचं, एवढंच उलट टपाली कळवावं. बाकीचं पत्र वाचलं नाही तरी चालेल. हे उज्वलाला विचारता आलं असतं, पण लग्नाआधी सुनेला ताकाचं विचारणं बरं दिसत नाही.

ता. ता. क. पत्र पाकिटात घालता घालता डेअरीवाल्याचा फोन आला, आज आकडा द्या म्हणाला, म्हणून तुमच्या उत्तराची वाट बघता आली नाही. किलो म्हणजे हजार हे तर उघड आहे, आणि ताक कमी पडलं तर सोयऱ्यांसमोर शोभा होते, म्हणून गुणून टाकलं. एक लाख वीस हजार किलोलिटर. आता मी सावध झालो असल्यामुळे पडताळाही घेतला. दलघमीत करून पाहिलं तर शून्य पॉइंट बाराच भरतं. शून्याने सुरू होणारा आकडा आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. डेअरीवाल्याने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाला, एकदम न्हाई जमणार गुरुजी, टप्प्याटप्प्यानं पाठवतो. माणूस भला वाटला.